कागदावरची बाई, वखारीतली बाई

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावाने महाराष्ट्राला दोन किर्लोस्कर दिले. थोरले बळवंत पांडुरंग, म्हणजे अण्णासाहेब. 1880 साली त्यांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी माणसाला नाट्यसंगीताचे वेड लावले. धाकटे लक्ष्मणराव, जन्म 1869 चा; त्यांनी लोखंडी नांगर केला. अण्णासाहेबांच्या मंडळीत शकुंतला आणि सुभद्रा पुरुष नट रंगवत. भाऊराव कोल्हटकरांच्या स्त्रीभूमिकांवर प्रेक्षक जीव ओवाळून टाकत. मंडळी पुरुषांची, गल्ला पुरुषांचा आणि पडदा वर गेला की दिसणारी बाईदेखील पुरुषच. ती कशी चालेल, कशी लाजेल, किती रडेल, सारे त्यांनीच ठरवायचे.

त्यानंतर बरोबर 50 वर्षांनी, ऑगस्ट 1930 मध्ये, लक्ष्मणरावांच्या किर्लोस्करवाडीतून ‘स्त्री’ नावाचे मासिक निघाले. पुढची पाच-सहा दशके मराठी मध्यमवर्गीय घरातल्या बाईने कशाचा विचार करावा, यावर या मासिकाइतकी छाप क्वचितच कुणाची पडली असेल. मालक उदार होता, संपादक कलावंत होता, कागद-छपाई उत्तम होती. आणि तरीही किर्लोस्करांच्या मूळ जिल्ह्यातच, निपाणीत, तंबाखूच्या वखारींमध्ये राबणाऱ्या हजारो बायकांची कहाणी जगापुढे आली ती दुसऱ्याच वाटेने. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानापासून करावी लागते.

ते दुकान 1888 चे. रामूअण्णा आणि लक्ष्मणराव हे किर्लोस्कर बंधू त्याचे मालक. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला भावाकडे आले. सायकलींबरोबर यंत्रांचा नाद वाढला. कडबा कापायचे यंत्र झाले, आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे गेली, असे किर्लोस्करांच्या इतिहासात नोंदलेले आहे. माल बनवणे एक आणि माणसाचे मन वळवणे दुसरे, हा धडा या घराण्याने तिथे घेतला. पुढच्या सगळ्या मासिकांचे बी या न खपलेल्या नांगरांत आहे असे मला वाटते.

मग नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड हलवायची वेळ आली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांनी दिला, बिनव्याजी कर्जही दिले. 1910 च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडी वसली. बेळगावच्या हातून एक कारखाना गेला. त्याच्याबरोबर मराठीतला एक मोठा छापखानाही गेला, याची मात्र त्या वेळी कुणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

वाडीवर लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर येऊन दाखल झाले. ‘शंवाकि’ या नावाने पुढे ते घराघरांत पोचले. हा मूळचा चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेला. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले आणि जानेवारी 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. ती नांगराच्या गिऱ्हाइकांसाठी होती. कारखान्याची बातमी, यंत्रांची माहिती, थोडी करमणूक. पण संपादकाचा जीव बातमीपत्रात मावेना. गोष्टी आल्या, व्यंगचित्रे आली, ‘टाकांच्या फेकी’ आल्या. बुवाबाजीवर हल्ले सुरू झाले. 1929 पर्यंत ‘खबर’ गळून पडली आणि ‘किर्लोस्कर’ हे स्वतंत्र मासिक उभे राहिले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे लेख छापायची हिंमत याच मासिकाने दाखवली.

‘स्त्री’ निघाले ते साल आठवा. शारदा कायदा 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला होता. मुलीचे लग्न चौदाव्या वर्षाआधी लावणे गुन्हा ठरला होता. मिठाच्या सत्याग्रहात बायका पहिल्यांदाच इतक्या संख्येने रस्त्यावर उतरल्या, तुरुंगात गेल्या. पुण्या-मुंबईत शिकलेल्या मुलींची एक पिढी तयार होत होती आणि तिला वाचायला काही हवे होते. अशा वेळी शंवाकींनी बाईला वेगळे, तिच्या नावाचे मासिक दिले. शिक्षण, नोकरी, संततिनियमन, विधवेचा पुनर्विवाह, घटस्फोट, वारसाहक्क, व्यायाम. ज्या गोष्टी माजघरात हलक्या आवाजात बोलल्या जात त्या छापील पानावर आल्या. बायका लिहू लागल्या. ज्यांचे नाव आतापर्यंत फक्त लग्नपत्रिकेत छापले गेले होते त्या लेखिका झाल्या. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

हे सगळे शक्य झाले त्यामागे मालकीचा मोठा वाटा होता. मासिकाच्या पाठीशी एक चालता कारखाना उभा होता. महिनाअखेरीला कागदवाल्याचे बिल कसे भागवायचे या विवंचनेत संपादकाला झोप लागत नाही असे नव्हते. धर्ममार्तंड चिडले, वर्गणीदार तुटले, तरी मासिक बंद पडणार नव्हते. ज्याची पुंजी तोकडी आहे त्याला सुधारणा परवडत नाही. शंवाकींना परवडली आणि त्यांनी ती मनापासून केली.

याच काळात दुसरा एक माणूस याच प्रश्नांवर मासिक चालवत होता आणि त्याच्यापाशी कारखाना नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ जुलै 1927 मध्ये निघाले आणि त्यांच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, 1953 पर्यंत, चालले. मालक तेच, संपादक तेच, लेखकही बऱ्याचदा तेच. बाईला तिच्या शरीरावर हक्क आहे, तिला सुखाची इच्छा असू शकते, असे ते स्वच्छ मराठीत लिहीत. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मधल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांना कुणी मालक अडवू शकत नव्हता, पण पैशाची चणचण जन्माची. ‘स्त्री’ आणि ‘समाजस्वास्थ्य’ शेजारी शेजारी ठेवून वाचले की कळते: एकीकडे सुरक्षितता होती म्हणून हजारो घरांत शिरकाव होता, पण पाऊल जपून पडत होते, दुसरीकडे पूर्ण मोकळीक होती, पण ती मोजक्या वाचकांपुरती.

जपून पडणाऱ्या पावलाबद्दल थोडे बोलायला हवे. किर्लोस्करांची तीन मासिके झाली: ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’. एक कर्त्या पुरुषासाठी, एक घरातल्या बाईसाठी, एक तरुणांसाठी. घरातल्या सगळ्यांची सोय झाली. पण कोणत्या घराची? वर्गणी भरू शकणाऱ्या, वाचता येणाऱ्या, बहुतांशी ब्राह्मण-प्रभू-सारस्वत वस्तीतल्या घराची. या घरातल्या बाईने शिकावे, निर्भय व्हावे, संसार समजुतीने करावा, जमल्यास नोकरी करावी, असे मासिकाला मनापासून वाटे. तिच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईने काय करावे, याचा विचार करायची मासिकाला गरज भासली नाही, कारण ती वर्गणीदार नव्हती. इथे कुणाचा दुष्टपणा नव्हता. मालकाने ज्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवले, तिच्याच घराच्या उंबऱ्यापर्यंत मासिकाची नजर पोचत राहिली.

बायकांनी स्वतः पत्र चालवायचा प्रयत्न त्याआधीच झाला होता, हे आपण फार सहज विसरतो. सत्यशोधक परंपरेतले ‘दीनबंधु’ पत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर नेटाने चालवले. एक बहुजन बाई संपादकाच्या खुर्चीत बसली होती आणि ती स्वयंपाकाचे सदर नव्हे, तर शेतकऱ्यांच्या, शिक्षणाच्या, राजकारणाच्या प्रश्नांवर अग्रलेख लिहीत होती. पुढे ज्यांच्यापाशी भांडवल आले, त्यांनी तानूबाईंचा धागा उचलला नाही. तो तिथेच तुटला.

आता पुन्हा बेळगावकडे. 1848 पासूनचे सार्वजनिक वाचनालय असलेले हे शहर. 1929 साली इथे शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले, 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच मांडवात मंजूर झाला. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, हेच बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. बाबूराव ठाकुरांचा ‘तरुण भारत’ 1919 पासून इथे पाय रोवून होता. त्याची पाने पुढची अनेक वर्षे सीमाप्रश्नाने व्यापली, आणि तसे होणे स्वाभाविकच होते. मासिके मात्र पुण्या-मुंबईहून येत राहिली. पोस्टाच्या थैलीतून आणि लाल एसटीच्या टपावरून ती सीमा ओलांडत. राज्य बदलले, वाचक बदलला नाही.

मासिकाची मालकी कुणाची, हा प्रश्न बेळगावच्या मराठी बाईला या काळात आणखी एका दिशेने पडायला हवा होता. तिचे प्रश्न पुण्यातल्या बाईचेच होते असे नाही. तिची मुलगी शाळेत कन्नड शिकत होती, तिचा नवरा सीमालढ्यात तुरुंगात जाऊन येत होता, सरकारी कागद तिला वाचता येत नव्हता. संपादकीय टेबल आता किर्लोस्करवाडीत नव्हे, पुण्यात होते. तिथून हे दिसणे कठीण होते.

एक थोर अपवाद या शहरात राहत होता. इंदिरा संत. जन्म 1914, विजापूर जिल्ह्यातल्या इंडीचा. आयुष्याचा मोठा भाग बेळगावात, अध्यापिका आणि पुढे शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून. पती ना. मा. संत 1946 मध्ये गेले, पदरात लहान मुले. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ हे संग्रह या शहरातल्या दिनक्रमातून निघाले आणि ‘गर्भरेशीम’ला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची कविता मौजेच्या, ‘सत्यकथे’च्या वर्तुळात वाढली. हे वर्तुळ भागवत बंधूंचे. तिथला मालकच साक्षेपी संपादक होता आणि ‘बायकांचे लेखन’ असा वेगळा खण तिथे नव्हता. बाईच्या एकटेपणाला कुणी उपदेश जोडला नाही, समजूत घातली नाही, तिच्या शब्दावर हात फिरवून तो गोड केला नाही. मासिकाचा खप मर्यादित होता हे खरे. पण बाईची निर्मिती निर्मिती म्हणून छापायची, एवढे एकच पथ्य मालकाने पाळले की काय होते, याचा बेळगावातला पुरावा म्हणजे इंदिराबाई.

पुण्यात मात्र ‘स्त्री’च्या आत एक वेगळी घडामोड सुरू झाली होती. शंवाकींनंतर मुकुंदराव आणि शांताबाई किर्लोस्कर मासिके पाहत होते. 1964 मध्ये विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादक वर्गात आल्या. तेव्हा त्या स्वतःही साधारण ‘स्त्री’च्या वाचकांसारख्याच होत्या: शिकलेल्या, संसारी, सुस्थित. 1975 चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष आले, स्त्रीमुक्तीचे गट उभे राहिले, 1977 मध्ये ‘बायजा’ हे चळवळीतल्या बायकांनी चालवलेले नियतकालिक निघाले. बाहेर जे पेटत होते त्याची धग संपादकांच्या टेबलापर्यंत पोचली. 1982 मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूने शहर हादरले. विद्याताई आणि त्यांच्या सहकारी रस्त्यावर आल्या, नारी समता मंच उभा राहिला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव फिरले. सुनेचा छळ हा घरातला मामला नाही, हे त्या प्रदर्शनाने फिरून फिरून सांगितले. पुढच्याच वर्षी त्या ‘स्त्री’च्या संपादक झाल्या.

संपादकपद तीनच वर्षे टिकले. 1986 मध्ये त्या ‘स्त्री’तून बाहेर पडल्या. त्याच सुमारास किर्लोस्कर घराण्याच्या मासिकांचा 65 वर्षांचा प्रवासही संपला. शांताबाईंनी तो ‘गोष्ट पासष्टीची’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. तो प्रवास वाचताना या घराण्याबद्दलचा आदर वाढतो, आणि त्याबरोबर एक गोष्ट लख्ख दिसते. बाईचे मासिक कितीही बाईचे असले तरी ते चालवायचे की थांबवायचे, कुणाकडे सोपवायचे, हा निर्णय शेवटी ज्याच्या नावावर मासिक आहे त्याचाच. 22 वर्षे काम केलेल्या संपादिकेच्या हाती तो नसतो.

विद्याताईंनी यातून जो निष्कर्ष काढला तो कृतीतला होता. ऑगस्ट 1989 मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. पाठीशी कारखाना नाही, उद्योगसमूह नाही. वर्गणीदार, देणगीदार, दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करत फिरणाऱ्या मैत्रिणी. समलैंगिकता, एकटी बाई, परित्यक्ता, पुरुषाचे पुरुषपण, कामगार बाई, हे विषय तिथे आले आणि पुरुषांनाही लिहायला बोलावले गेले. आज गीताली वि. मं. यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी ही वाट पुढे नेलेली दिसते. अमेरिकेत याच्याच आसपास ग्लोरिया स्टायनम यांनी ‘मिझ’ हे मासिक 1990 मध्ये जाहिरातींशिवाय काढून दाखवले. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या जाहिरातीच्या बदल्यात मजकुरात कशी ढवळाढवळ करतात, कोणत्या पानाशेजारी कोणता लेख नको असे कसे बजावतात, हे त्यांनी त्याच वर्षी सविस्तर लिहिले. आपल्याकडे टाइम्स समूहाने 1959 पासून ‘फेमिना’ चालवले आणि त्याला सौंदर्यस्पर्धेची जोड दिली. तिथे बाईचा चेहरा हाच विकायचा माल झाला. पुण्यातल्या बायकांनी वर्गणीवर मासिक चालवणे म्हणजे या सगळ्या प्रवाहाच्या उलट पोहणे होते.

आणि निपाणी?

पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूर सोडले की तासाभरात निपाणी लागते. गावाला लागून असलेले देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, गाव कर्नाटकात. हे गाव तंबाखूची मोठी पेठ. आसपासच्या काळ्या जमिनीत पिकलेली पाने वखारीत येतात. वाळलेली पाने कुटायची, चाळायची, काड्या वेगळ्या करायच्या, प्रत लावायची, आणि मग ती जर्द्याला किंवा विडीला जाते. वखारीतले हे काम बायकांचे. चाळणी हलली की तपकिरी धुळा उठतो आणि बंद वखारीत तो जायला जागा नसते. नाकातोंडावर पदर बांधलेला, डोळ्यांतून पाणी, संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापायला बसले तरी हाताचा वास जात नाही. पोटातल्या मुलासकट बायका या धुळ्यात राबत. पहिल्यांदा येणाऱ्या मुलीला मळमळून उलटी होते. सरावाने ती थांबते. खोकला थांबत नाही.

घरोघरी विडी वळणाऱ्या बायकांचा हिशेब हजाराच्या दराने. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. वळलेल्या विड्यांतल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे कापले जायचे, आणि खराब कोणती हे ठरवणार कारखान्याचा माणूस. विडीच्या कट्ट्यावरचे लेबल कधी नीट पाहिले आहे? अनेक कट्ट्यांवर मालकाचा फोटो छापलेला असतो. टोपी, कोट, मिशा. विडी जिने वळली तिचा चेहरा कुठल्याच कट्ट्यावर आलेला नाही.

1980 च्या आसपास या बायका संघटित झाल्या. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला. किमान वेतन द्या, मनमानी कपात थांबवा, मुकादमाची अरेरावी थांबवा, अशा साध्या मागण्या होत्या. साध्या मागण्यांसाठी बायकांना वखारीच्या दारात बसावे लागले, मोर्चे काढावे लागले, कामावरून काढून टाकण्याच्या धमक्या सोसाव्या लागल्या. याच निपाणीत मार्च 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले आणि 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात 12 शेतकरी मारले गेले. ते आंदोलन इतिहासात गेले, जायलाच हवे होते. निपाणी म्हटले की आजही लोकांना शेतकरी आठवतो. तोच तंबाखू चाळणारी बाई आठवायला मात्र थोडा वेळ लागतो.

तिला पडद्यावर आणले ते ‘युगांतर’ने. 1980 साली स्थापन झालेला हा बायकांच्या पुढाकाराने चालणारा चित्रपट गट: दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रणाला नवरोज काँट्रॅक्टर. पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांवर त्यांनी आधी ‘मोलकरीण’ केला होता. नंतर 1982 मध्ये निपाणीत ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा कृष्णधवल अनुबोधपट झाला. सुमारे 25 मिनिटांचा. कॅमेरा घेऊन यायचे, दुःख टिपायचे आणि निघून जायचे असा हा प्रकार नव्हता. वखारीतल्या बायकांबरोबर राहून, त्यांच्याशी बोलून, काय दाखवायचे हे त्यांच्या विचाराने ठरवून तो तयार झाला. सावकाश फिरणाऱ्या कॅमेऱ्यात वखारीचा अंधार दिसतो, चाळण्या दिसतात, आणि त्यावर बायकांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. संपाच्या सभेत उभी राहून बोलणारी बाई दीनवाणी दिसत नाही. ती संतापलेली आहे, हिशेबात पक्की आहे, आणि मध्येच शेजारणीकडे बघून हसते. अशी कामकरी बाई तोवर मराठी मासिकाच्या पानावर फारशी आलेली नव्हती. तिथे ती आली की बहुतेकदा कीव घेऊन येई. हा पट त्या वेळी वस्त्यांमधून, संघटनांच्या बैठकांतून दाखवला गेला. तिकीट काढून पाहणाऱ्याच्या आवडीवर तो अवलंबून नव्हता. बऱ्याच वर्षांनी बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने ‘युगांतर’चे हे पट जतन करून नव्याने उपलब्ध केले.

दुसरी नोंद पुस्तकाची. छाया दातार यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांच्या संघटनेचा अभ्यास केला आणि ‘वेजिंग चेंज’ हे इंग्रजी पुस्तक 1989 मध्ये दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ने छापले. उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन या दोघींनी 1984 मध्ये काढलेले हे भारतातले बायकांच्या मालकीचे पहिले स्त्रीवादी प्रकाशनगृह. पुस्तक आले त्याच 1989 मध्ये पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ निघाले हा योगायोग असेल. पण निपाणीची बाई पडद्यावर आली ती बायकांच्या गटामुळे, पुस्तकात आली ती बायकांच्या प्रकाशनामुळे, आणि दोन्हींच्या मागे नफ्यासाठी घातलेले भांडवल नव्हते, हा योगायोग नव्हे.

यातली सल एकच आहे. पट जतन झाला बर्लिनला, पुस्तक छापले गेले दिल्लीला आणि इंग्रजीत. जी भाषा या बायका बोलतात, भांडतात, ओव्या म्हणतात, त्या भाषेतल्या मासिकांना त्यांच्यासाठी सलग पाने सापडली नाहीत. ‘किर्लोस्कर’ने बेळगावचा नांगर महाराष्ट्रभर नेला, ‘स्त्री’ने शिकलेल्या बाईला धीट केले. दोन्हींचे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करायला मला संकोच वाटत नाही. पण उदार मालकाच्या औदार्यालाही त्याच्या वाचकवर्गाची वेस असते. ती वेस ओलांडायची तर छापखान्याची किल्लीच दुसऱ्या हातात जावी लागते, हे तानूबाईंपासून विद्याताईंपर्यंत प्रत्येकीने दाखवून दिले आहे.

आज छापखाना लागत नाही. सीमाभागात कडोली, उचगाव, कारदगा अशा गावांमध्ये दरवर्षी साहित्य संमेलने भरतात, वर्गणी काढून मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते. कर्नाटक सरकारच्या शाळांत शिकणारी मुले तिथे मराठी कविता म्हणतात. गावोगावचे दिवाळी अंक निघतात. ही सगळी लोकांच्या मालकीची व्यासपीठे आहेत. त्यांच्यावर कुठल्या उद्योगसमूहाचा हुकूम चालत नाही. म्हणून या संमेलनांच्या आणि अंकांच्या संयोजकांना माझी विनंती आहे. येत्या संमेलनात एक संध्याकाळ ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ दाखवा, आणि तो निपाणीच्या बायकांना पहिल्या रांगेत बसवून दाखवा. दिवाळी अंकातली आठ पाने विडी वळणाऱ्या आणि वखारीत काम करणाऱ्या बायकांना द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या, बुडालेल्या रोजाइतके तरी मानधन द्या, आणि मजकूर तिला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका.